दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचा पाय

खेळण्यातली मोटार घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची चाके एकीकडे आणि टप दुसरीकडे पडलेला दिसला, की घरातली मोठी माणसे म्हणतात, 'मोडली!' ज्याने हे केलेले असते तो म्हणतो, 'मी उघडली.' या दोन क्रियापदांमधले भांडण फार जुने आहे आणि त्याचा निकाल नेहमी मोठ्यांच्या बाजूने लागतो, कारण मोटारीचे पैसे त्यांनी मोजलेले असतात. जपानमधल्या एका व्हिडिओ गेमने मात्र हा निकाल सरळ धाकट्यांच्या बाजूने देऊन टाकला आहे आणि आपले नावच 'ब्रेकर', म्हणजे मोडणारा, असे ठेवले आहे. 'गंडम ब्रेकर' हा तो खेळ. पहिला २०१३ साली आला, चौथा २०२४ च्या ऑगस्टमध्ये. माझ्या भाच्यामुळे माझी त्याच्याशी ओळख झाली आणि त्याच्या शेजारी बसून पाहता पाहता माझे एक मत बनत गेले. ते असे, की हाणामारीचा म्हणून विकला जाणारा हा खेळ मुळात जुळवाजुळवीचा आहे. आणि मुलांनी व्हिडिओ गेम किती तास खेळावा, यावर घरोघर जो वाद चालतो, त्यात खरा विचारायचा प्रश्न बाजूलाच राहून जातो.

आधी खेळाची रीत सांगतो. पडद्यावर यंत्रमानव असतात, पण ते खरेखुरे राक्षसी यंत्रमानव नव्हेत. ते प्लॅस्टिकच्या खेळण्यातले यंत्रमानव आहेत, ज्यांना जपानी मुले 'गनप्ला' म्हणतात. 'गंडम' आणि 'प्लामो' (प्लॅस्टिक मॉडेलचे जपानी लघुरूप) यांचा हा जोडशब्द. आपल्या यंत्रमानवाने समोरच्यावर वार केले की त्याचा हात निखळतो, डोके उडते, पाय गळून पडतो. ते भाग गोळा करायचे. लढाई संपली की कामाचे टेबल उघडते आणि मग खरी मजा सुरू होते. याचे डोके, त्याचे धड, तिसऱ्याचे पाय, पाठीवर चौथ्याचे पंख. शिवाय ढाल आणि शस्त्रे निराळी. चौथ्या भागात तर डावा आणि उजवा हातही वेगवेगळ्या यंत्रमानवांचे लावता येतात आणि एखादा भाग लहान-मोठाही करता येतो. मूळ नमुने अडीचशेहून अधिक. मग रंग: चकचकीत की मंद, धातूसारखा की प्लॅस्टिकसारखा, कडा झिजलेल्या की कोऱ्या, छातीवर चिन्ह कुठे आणि आकडा कुठे. माझा भाचा लढाईत जेवढा वेळ घालवतो त्याच्या निदान दुप्पट वेळ या टेबलाशी बसतो. लढाई त्याच्या दृष्टीने बाजारहाट आहे. सामान आणायला जावे लागते म्हणून तो जातो.

आता हे यंत्रमानव खेळण्यातले का ठेवले, याला मोठा इतिहास आहे आणि तो मला खेळापेक्षाही रंजक वाटतो.

'मोबाइल सूट गंडम' ही योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. ती चालली नाही. ५२ भाग ठरले होते ते ४३ वर आटोपते घेतले गेले आणि जानेवारी १९८० मध्ये मालिका संपली. खेळण्यांच्या ज्या कंपनीने तिला पैसे पुरवले होते तिने लहान मुलांसाठी रंगीत, धातूची, स्प्रिंगने बाण सोडणारी खेळणी काढली होती. पण मालिका मनापासून पाहणारी मुले त्याहून थोराड होती. त्यांना तो खुळखुळा नको होता. मालिका संपून सहा महिने झाल्यावर, जुलै १९८० मध्ये, बंदाई या कंपनीने त्याच यंत्रमानवाचा प्लॅस्टिकचा, स्वतः जोडायचा संच काढला. किंमत ३०० येन. प्रमाण १:१४४, म्हणजे गोष्टीतला अठरा मीटर उंचीचा यंत्रमानव साडेबारा सेंटिमीटरचा झाला. मालिकेचे पुनःप्रक्षेपण, १९८१ पासून आलेले चित्रपट आणि हे संच यांनी मिळून असा काही धुमाकूळ घातला की दुकानांपुढे पहाटेपासून मुलांच्या रांगा लागू लागल्या. १९८२ साली चिबा प्रांतात एका मोठ्या दुकानात संच घ्यायला धावलेली मुले सरकत्या जिन्यावर एकमेकांच्या अंगावर पडून जखमी झाली. पडेल मालिकेची ही पोटची खेळणी आज चाळीसहून अधिक वर्षे विकली जात आहेत आणि त्यांच्या विक्रीचा आकडा सत्तर कोटींच्या पुढे कधीच गेला आहे.

पण विकली गेली एवढ्याने मोडतोड आणि जोडजाड का सुरू झाली हे कळत नाही. त्याचे कारण मला गोष्टीतच दिसते. गंडमच्या आधीचा गाजलेला यंत्रमानव म्हणजे १९७२ सालचा 'माझिंगर झेड'. तो एकमेव. एका शास्त्रज्ञाने बांधलेला, नातवाच्या हाती सोपवलेला, जवळजवळ दैवी. त्याच्यासारखा दुसरा नाही. अशा मूर्तीचा हात काढून तिथे दुसरा बसवणे कुणाच्या मनात येणार नाही; आपण तरी गणपतीच्या मूर्तीला दुसऱ्या मूर्तीचा हात लावतो का? गंडममधले यंत्रमानव मात्र लष्करी सामान आहेत. कारखान्यात तयार होतात, त्यांना क्रमांक असतात, एकाच साच्याचे शेकडो निघतात, बिघडतात, दुरुस्त होतात. शत्रूपक्षाचा हिरवा 'झाकू' तर सरळसरळ साधा शिपाईगडी. जिथे सामान आहे तिथे फेरफार आलाच. वाळवंटात लढणाऱ्या झाकूच्या सांध्यांत रेती जाऊ नये म्हणून काय केले असेल? एखाद्या गर्विष्ठ वैमानिकाने आपला झाकू कसा रंगवून घेतला असेल? १९८३ पासून बंदाईने असे, मालिकेत कधीच न दिसलेले, 'असाही असू शकेल' अशा जातीचे संच स्वतंत्रपणे विकायला काढले आणि तेही खपले. गोष्टीने मुलांना नायक दिला होता. मुलांनी त्या गोष्टीतून गोदाम उचलले.

त्याच सुमारास हौशी मंडळींनी 'हॉबी जपान' या मासिकात संच कापून, तासून, दोन-तीन संचांचा एक करून दाखवायला सुरुवात केली होती. त्या हौशींच्या एका गटातले कावागुची कात्सुमी पुढे बंदाईतच नोकरीला लागले आणि 'मेइजिन', म्हणजे या विद्येतले उस्ताद, म्हणून प्रसिद्ध झाले. आणि १९८२ मध्ये 'कॉमिक बोंबोन' या मुलांच्या मासिकात 'प्लामो क्योशिरो' नावाची चित्रकथा सुरू झाली. तिच्यातली मुले आपापले, स्वतः फेरफार केलेले मॉडेल एका यंत्राला जोडतात आणि त्या यंत्रात बसून ते मॉडेल चालवत एकमेकांशी लढतात. म्हणजे बघा, आज माझा भाचा जे करतो ते १९८२ सालच्या जपानी पोरांनी कागदावर पाहून ठेवले होते. २०१३ साली निघालेला खेळ हा तीस वर्षे साठलेल्या एका हट्टाची पूर्तता आहे. पडद्यावरचे यंत्रमानव खेळण्यातले राहिले ते यासाठी. पहिल्या खेळात तर मध्येच १:६० प्रमाणाचा, म्हणजे तीस सेंटिमीटर उंचीचा गंडम समोर येतो आणि आपल्या बोटभर गड्यापुढे तो डोंगर होऊन उभा राहतो. टेबलावर दोन मापांची खेळणी शेजारी ठेवून पाहणाऱ्या मुलालाच हे सुचू शकते.

हा हट्ट आपल्याला परका नाही. दिवाळीतला किल्ला आठवून पाहावा. पोते, विटा, अंगणातली माती, वर पेरलेले आळीव, सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे. इथवर सगळे शास्त्राप्रमाणे. पण गुहेतला वाघ मावळ्यांपेक्षा मोठा असतो, पायथ्याशी कुठल्याशा जुन्या संचातला प्लॅस्टिकचा घोडेस्वार उभा असतो, तळ्यात बदक असते आणि कधी कधी गडावर चक्क हेलिकॉप्टर उतरलेले असते. इतिहासाच्या मास्तरांना ते खपत नाही. मला तो किल्ल्याचा जिवंत भाग वाटतो. जे हाताशी होते त्याचे मुलांनी आपल्या गावचे काहीतरी केले. आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, रंगवलेले, बुरुजासकट. त्यात चूक काही नसते, आणि करण्यासारखेही काही उरत नाही.

म्हणून या खेळाबद्दल माझा पहिला शेरा अनुकूल आहे. तो मुलाला शिकवतो की कंपनीने दिलेला आकार हा शेवटचा शब्द नव्हे. नायकाचे डोके खलनायकाच्या धडावर शोभू शकते. शोभते का, हे ठरवायला मात्र नजर लागते. माझ्या भाच्याने एक यंत्रमानव केला होता, वरून अवाढव्य, खाली काटकुळे पाय. दोन दिवस तो त्याच्याकडे पाहत राहिला आणि मग पाय न बदलता त्याने खांदे उतरवले. का, असे विचारले तर म्हणाला, 'मामा, तो पळणारा आहे, पण उचलणाऱ्यासारखा दिसत होता.' तेराव्या वर्षी हे कळणे थोडे नाही. शिंपी, सुतार आणि मूर्तिकार यांना आयुष्यभर हेच कळावे लागते.

आकड्यांचे एक लचांड या खेळातही आहे. प्रत्येक भागाला दर्जा असतो, गुण असतात. आणि नेमका दिसायला भिकार असलेला हात ताकदीने दांडगा निघतो. पुष्कळ खेळांत मुले इथेच रुची सोडून हिशेबाला लागतात. इथे मात्र आवडता भाग इतर भाग खर्ची घालून वरच्या दर्जाला नेता येतो. म्हणजे हौस भागवायला मेहनत जास्त पडते, पण हौस सोडावी लागत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी ही जागा राखली यात त्यांचा शहाणपणा आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हातचे राखून सांगणार नाही. या टेबलावर सगळेच सगळ्याला बसते. १९९७ साली निघालेल्या 'आर्मर्ड कोअर' या दुसऱ्या जपानी खेळातही यंत्रमानव भागांतूनच जोडायचा असतो, पण तिथे वजन आहे, वीजपुरवठा आहे. पाय पेलणार नाहीत एवढी तोफ लादली तर खेळ तुम्हाला अडवतो. गंडम ब्रेकरमध्ये असा अडसर नाही. आणि खऱ्या प्लॅस्टिकमध्ये तर अडसरच अडसर! एका संचाची खुंटी दुसऱ्या संचाच्या खोबणीत बसत नाही. एक सैल, तर दुसरी आवळ. मग भोक मोठे करा, पितळी तार घाला, एम-सीलसारखी लांबी भरा, वाळू द्या, पॉलिश पेपरने घासा. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिथून ते घाईने तोडले तर पांढरा व्रण उमटतो आणि गडद रंगाच्या प्लॅस्टिकवर तो दुरूनही दिसतो. रंग ओला असताना बोट लागले तर बोटाचा ठसा कायमचा. हे सारे खेळाने पुसून टाकले आहे. पडद्यावर निळा रंग नको वाटला तर क्षणात लाल होतो. टेबलावर निळ्याचा लाल करायला रविवार जातो.

काही पालक म्हणतात, मग फरक काय पडला, रविवार वाचला ना! माझ्या मते तिथेच फरक पडतो. जो निर्णय परत घेता येतो तो निर्णय घेताना माणूस फार थोडा विचार करतो. भाचा एका संध्याकाळी चाळीस रंग पालटतो. खऱ्या संचाशी बसलेले पोर रंगाची डबी उघडण्याआधी दहा मिनिटे नुसते बसून राहते. ती दहा मिनिटे कुठलाही खेळ देऊ शकत नाही. उलट, नव्वद संच विकत घेऊन कापायची ऐपत जपानमध्येही थोड्या घरांना असेल, आणि आपल्याकडे परदेशी संचांच्या किमती पाहता तर बोलायलाच नको. ते स्वातंत्र्य खेळ देतो. नजर खेळाने तयार होते, हात प्लॅस्टिकने. यातले एक दुसऱ्याचे काम करील, या आशेवर कुणी राहू नये, एवढेच.

परंतु मूळ प्रश्न राहिलाच. किती तास, हा प्रश्न पालक विचारतात, कारण तो मोजता येतो. मी त्याऐवजी विचारीन: हे जे तू केलेस ते कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर याच खेळाच्या घराण्यात तीन वेळा तीन तऱ्हांनी मिळालेले आहे.

२०१८ साली 'न्यू गंडम ब्रेकर' आला. त्यात कंपनीने नवी टूम काढली. खेळाडूने आपला यंत्रमानव घेऊन लढाईत उतरायचे, पण लढता लढता गळून पडलेले भाग उचलून तिथल्या तिथे अंगावर चढवत जायचे. कागदावर ही कल्पना झकास वाटते. प्रत्यक्षात चाहते बिथरले. रात्री जागून जुळवलेला, रंगवलेला आपला गडी पाच मिनिटांत कुठल्या तरी ठिगळांचे बुजगावणे होतो, हे त्यांना सोसले नाही. खेळ पडला आणि मुख्य मालिकेतला पुढचा भाग यायला सहा वर्षे लागली. हे उदाहरण मला बोलके वाटते. हाणामारीसाठीच हा खेळ घेतला जात असता, तर मारामारी अधिक धावपळीची झाल्याचे त्यांना दुःख का व्हावे? 

दुसरे उत्तर अधिक कडू आहे. २०१९ मध्ये हाच खेळ मोबाइलवर आला. फुकट. पण भाग मिळवायचे ते सोडतीने. नशीब फळफळले नाही तर पैसे टाकून पुन्हा सोडत. आपल्या जत्रेतल्या चक्रीसारखे, फक्त चक्री खिशात आणि जत्रा बारा महिने. काही वर्षांनी कंपनीने ती सेवा गुंडाळली. कंपनीचा कारभार कंपनीपाशी. पण ज्या पोरांनी तिथे यंत्रमानव उभे केले त्यांचे काय? १९८० साली ३०० येनला घेतलेला संच आजही एखाद्या जपानी आजोबांच्या कपाटावर धूळ खात उभा असेल. धूळ खायला का होईना, उभा आहे.

तिसरे उत्तर २०१६ च्या 'गंडम ब्रेकर ३' मध्ये आहे आणि ते गोष्टीच्या रूपात आहे. त्यात एका शाळकरी मुलीच्या वडिलांचे मॉडेलचे दुकान आहे. जुन्या बाजारपेठेतले, गल्लीतले. शेजारी मोठे व्यापारी संकुल आल्यामुळे गल्ली ओस पडत चालली आहे आणि ही मुले यंत्रमानवांच्या स्पर्धा जिंकून आपल्या बाजारपेठेचे नाव वर आणायला निघतात. जपानमधल्या कितीतरी गावांतल्या अशा गल्ल्यांची दुकाने खरोखरच बंद पडली आहेत. दुकानाच्या मागच्या टेबलाशी बसून मालकाकडून कानस कशी धरायची हे शिकणारी पोरे त्याबरोबर गेली. ज्या पडद्यापुढे बसल्यामुळे पोर दुकानात जाईनासे झाले, त्याच पडद्यावर त्या दुकानासाठी गळा काढायचा, यात थोडा दांभिकपणा आहे हे कबूल. तरीही बनवणाऱ्यांना काय हरवले ते ठाऊक होते, हे नाकारता येत नाही. आपल्याकडे पतंग, भिंगऱ्या, बेगड आणि घोटीव कागद विकणारे दुकानदार होते; सुटे चाक मागितले तर 'कशाला पाहिजे?' असे विचारून, ऐकून घेऊन, मग निराळेच चाक देत. त्यांच्यावर कुणी खेळ काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

भाच्याच्या घरी हल्ली वेगळाच पेच आहे. त्याच्या आईचे म्हणणे, सहामाही परीक्षेपर्यंत यंत्र कपाटात. त्याचे म्हणणे, यंत्र कपाटात चालेल, पण जुळवलेले सगळे गडी पुसले जाता कामा नयेत. ही मागणी तिला हट्टाची वाटते. मला ती कारागिराची वाटते. मी मध्यस्थीला म्हणून एक सुचवले आहे. बंदाईनेच २०२० साली त्याच पहिल्या गंडमचा एक नवा, नवशिक्यांसाठीचा संच काढला, जपानमध्ये ७०० येनचा. त्याचे भाग चौकटीतून नुसत्या बोटांनी सुटतात. कटर लागत नाही, गोंद लागत नाही, रंगही लागत नाही, कारण प्लॅस्टिकच त्या त्या रंगाचे असते. तो मागवू. दोन तासांत उभा राहील. मग तो त्याच्या डाव्या खांद्याकडे पाहू लागेल, आणि आमच्या घरातली कानस कुठे ठेवली आहे ते विचारील. ती माळ्यावर, खिळ्यांच्या डब्यात आहे. तिच्या आधी डबा घासावा लागेल, इतका तो गंजला आहे.